टाकीतून आलेली उत्तरं

ज्याला खोटं वाटेल त्याला खुशाल वाटू दे. टाकीच्या तोंडाशी मी स्वतः बसलो होतो. मंगळवार, सकाळचे अकरा, लख्ख उजेड.

आमचा कारखाना रंगांचा. त्या दिवशी टोल्यूइनची रिकामी टाकी आतून घासायची होती. टोल्यूइन म्हणजे रंग, शाई, गोंद पातळ करणारं, पाण्यासारखं दिसणारं रसायन. वास गोडसर. त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहते. आणि थोड्या वेळाने नाकाला वासच येईनासा होतो.

हे सगळं मला पाठ होतं. तरी वाफ मोजायचं यंत्र मी वरच्या तोंडापाशीच धरलं. तळापर्यंत सोडायचा कंटाळा केला.

आकडा शून्य.

"मेव्हणेबुवा, नक्की शून्य ना? नाहीतर ताईला काय तोंड दाखवाल?"

हे आमचे दाजी, ताईचे यजमान. हसत हसत, मास्क न लावताच खाली उतरले.

आमची रीत ठरलेली. बाहेरच्याने दर दोन मिनिटांनी लाकडी हातोडीने दोन ठोके द्यायचे. लोखंड वापरायचं नाही, एक ठिणगी उडाली तरी खेळ खलास. आतल्याने दोन ठोके परत दिले की माणूस ठीक आहे असं समजायचं.

मी ठोकलं.

ठक्... ठक्. उत्तर आलं.

पुन्हा ठोकलं. पुन्हा आलं.

पण घासण्याचा आवाज कधीच थांबला होता...

"दाजी, दमलात का?"

काहीच नाही. नुसतं... ठक्... ठक्.

मी तर ठोकलंच नव्हतं!

माझ्या मनात पाल चुकचुकली. दाजींच्या तोंडाची टकळी झोपेतही चालते. ते हाकेला ओ देत नाहीत?

ठोके देऊन कुणीतरी मला जागेवर बसवून ठेवत होतं.

मी त्यांच्या कमरेचा दोर खेचला. पोत्यासारखा जड लागला. मी भोंगा दाबला.

चौघांनी मिळून त्यांना वर काढलं. ओठ निळे, पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, "निदान दहा मिनिटं तरी बेशुद्ध असणार."

त्या दहा मिनिटांत मला पाच उत्तरं मिळाली होती.

चौकशीत मी माझी चूक कबूल केली. ठोक्यांचं सांगितलं, ते मात्र साहेबांनी लिहून घेतलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात दाजी बोलू लागले. ताई उशाशी होती.

"मेव्हणेबुवा, तुम्ही आत कशाला उतरलात?"

"मी? मी बाहेरच होतो, दाजी."

"थट्टा पुरे. माझी छाती दाबून 'पडून राहा, मी देतो उत्तर' असं कोण म्हणत होतं मग? आवाज तुमचाच होता."

ताईने माझ्याकडे पाहिलं...

मग खुर्ची ओढून ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

आता दाजी ठणठणीत आहेत. मी शपथेवर सगळं सांगितलंय. पण मी घरी गेलो की ताई त्यांना माझ्यापाशी एकटं सोडत नाही.

आणि खरं सांगू? तिचं चुकतंय, असं मलाही ठामपणे म्हणवत नाही.