नामखामचे दोन अर्थ

दिंबेश्वर बाइलुंगने पोथी उघडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. खाली, घराच्या उंच खांबांमध्ये, बायको पुण्यप्रभा बदकांना कोंडा घालत होती. समोर गावच्या सणाचं काम बघणारा लीलाकांत चेतिया लाल चहा घेत बसला होता. सणाला नदीच्या घाटावर गावाच्या नावाची शिळा बसवायची होती, आणि पूर्वजांची जुनी ताई लिपी वाचणारा नामखाममध्ये दिंबेश्वर एकटाच होता.

"नाम म्हणजे पाणी, खाम म्हणजे सोनं," लीलाकांत म्हणाला. "सोन्याचं पाणी. एवढंच लिहून द्या, काका."

"खाम म्हणजे शब्दही. दिलेला शब्द. लिहिताना दोन्ही सारखेच." दिंबेश्वरने झाडाच्या सालीवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं सोनं नाही रे. आपले पूर्वज डोंगर उतरून आले, तेव्हा इथल्या नावाड्याने त्यांना नदी पार करून दिली. त्याआधी त्याने विचारलं होतं, 'तुमच्यात वयाने मोठा कोण?' आणि त्या म्हाताऱ्याने शब्द दिला होता, तुझ्या माणसांच्या किनाऱ्याला हात लावणार नाही. शेवटची नाव रिकामी झाली आणि पूर्वजांनी त्या नावाड्यालाच पाण्यात दाबून धरलं."

खाली बदकांचा कलकलाट एकदम थांबला.

"सणाच्या दिवशी हे कोण ऐकून घेणार?" लीलाकांत हसला. पण दिंबेश्वर हसेना, तेव्हा त्याने वाकून काकांच्या पायांना हात लावला. "बरं बाबा, दोन्ही अर्थ कोरून घेतो. शब्द दिला."

याला दिंबेश्वरनेच मांडीवर बसवून अक्षरं शिकवली होती. त्याने विश्वास ठेवला.

पूर्वजांच्या पूजेच्या सकाळी शिळेवरचं कापड दूर झालं. 'नामखाम : सोन्याचं पाणी.' आणि खाली, 'पोथीवरून प्रमाणित. पंडित दिंबेश्वर बाइलुंग.'

टाळ्या पडल्या. कुणीतरी दिंबेश्वरच्या गळ्यात गामोसा, मानाचा लाल काठाचा पंचा, घातला. एवढ्या माणसांत तो काहीच बोलला नाही.

लीलाकांत भाषणाला उभा राहिला, पण आवाज पोचेना. माइकवाल्याने वायर बदलून पाहिली. शेवटी लोक चहाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी घाटावर बायका कपडे आपटत होत्या. आपटण्याचा आवाज येत होता, बोलण्याचा येत नव्हता. वर रस्त्याला लागल्या की मात्र ऐकू येई.

"वाऱ्यामुळे असेल," पुण्यप्रभा म्हणाली.

वारा पडलेला होता.

तिसऱ्या दिवशी दिंबेश्वरने लीलाकांतला गाठलं. तो खालच्या पायरीवर पाय धूत होता. दिंबेश्वर रस्त्यावरूनच ओरडला, "माझं नाव घालून खोटं कोरलंस? तुला अक्षरं शिकवली ती यासाठी?"

लीलाकांतने वर पाहिलं. ओठ हलले. आवाज नाही.

पलीकडच्या ओसाड वाळूवरून, त्याच्याच गळ्यातून आल्यासारखं, स्पष्ट ऐकू आलं, "शब्द दिला."

पुन्हा. "शब्द दिला."

लीलाकांत धडपडत रस्त्यावर आला. तिथंही त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.

दिंबेश्वर घरी येऊन ओसरीवर बसला. पोराने फसवलं होतं हे खरं. पण त्या सकाळी आपणही गप्पच राहिलो, हे आता कुणाला सांगायचं?

पुण्यप्रभा घाटावरून कळशी घेऊन आली. जिन्यापाशी थांबली. तिला ज्या भाषेतलं अवाक्षर येत नव्हतं, जी गावात कित्येक पिढ्या कुणी बोललं नव्हतं, पोथीतल्या त्या भाषेत तिने शांतपणे विचारलं,

"तुमच्यात वयाने मोठा कोण?"

आणि भरलेली कळशी कमरेवरून न उतरवता ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.