अडचण आल्यास

तो दारात आला तेव्हा ती हात हलवत होती. त्याला वाटलं, आपल्यालाच. त्यानेही हलवला.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "दिव्यांना."

तिसऱ्या मजल्यावरचे दिवे हालचाल दिसली तरच लागत. खिडक्यांसमोर कपाटं होती आणि मजल्यावर माणूस एकच. दर दहा मिनिटांनी हात हलवला नाही, तर दिवे तिला दिवंगत समजून विझत. बाकीचं ऑफिस कधीच नव्या इमारतीत गेलं होतं. नदीची पाणीपातळी नोंदवणारा जुना कॉम्प्युटर हलवला तर बंद पडेल या भीतीने तो इथेच राहिला, आणि त्याच्याबरोबर ती. हेडक्लार्क काका फोनवर म्हणायचे, "कोण, तिसरा मजला का? रिपोर्ट पाठवा." आई रोज विचारायची, "ऑफिसात सोबतीला कुणी आहे ना गं?"

"आहे की," ती सांगायची. "प्रिंटर आहे."

शेवटी तो कॉम्प्युटर न हलवताच बंद पडला. नवा आला. पण नदीकाठच्या यंत्रांची भाषा समजणारी लायब्ररी, म्हणजे मदतनीस प्रोग्राम, नव्यासाठी तयार मिळेना. सोर्सपासून बिल्ड करायची, म्हणजे तयार शर्ट नाही. कापड आणि मापं मिळणार, शिवायचं आपणच. तिने शिवायला घेतली. सात वेळा उसवली. मग सूचनांच्या फाइलची शेवटची ओळ वाचली – 'अडचण आल्यास लेखकाशी संपर्क साधावा.' खाली नंबर.

लेखक, म्हणजे ही लायब्ररी लिहिणारा, दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. चार वर्षांत आलेला हा पहिलाच फोन, म्हणून धावत आला होता. त्याच्या शर्टाचं प्रत्येक बटण शेजारच्या काजात होतं.

"माझ्या मशीनवर चालते," तो बसता बसता म्हणाला.

"मग नदीला तुमच्या घरी पाठवू?"

त्याने खरंच विचार केला. "दुसरा मजला आहे. चढायला जड जाईल तिला."

बिल्ड सुरू झालं आणि अडकलं. या लायब्ररीला आणखी एक लायब्ररी लागत होती, ती इथे नव्हती.

"सूचनांत लिहिलं नाहीत तुम्ही."

"माझ्याकडे होतीच ना आधीपासून. त्यामुळे दुसऱ्या कुणाला काय लागेल, ते..." तो थांबला. "दुसरं कुणी नव्हतंच."

तिने प्रिंटरकडे पाहिलं.

मग तो रोज चारला येऊ लागला. रोज काहीतरी नवं कमी पडायचं, तो ते सूचनांत लिहायचा, "उद्या येतो" म्हणायचा. स्क्रीनवरून ओळी सरकत, दोघं बघत बसत. मधेच दिवे विझत आणि दोघं एकदम हात वर करत. एकदा हाताला हात लागला. दोघांनीही सॉरी म्हटलं... दिव्यांना.

बुधवारी सकाळी, त्याने घरून पाठवलेली दुरुस्ती घेऊन तिने एकटीनेच बिल्ड केलं. अकरा वीसला शेवटची ओळ उमटली – इन्स्टॉल पूर्ण. नदी नव्या कॉम्प्युटरवर हजर. पातळी दोन मीटर चार. तिला आनंद व्हायला हवा होता. दिवे विझले, तरी हात वर करायला तिला बराच वेळ लागला. आता अडचण उरली नव्हती. आणि अडचणच नाही, तर तो येणार कशाला?

दुपारी त्याचा फोन आला. "झालं?"

"नाही हो," ती म्हणाली. "पुन्हा अडकलं."

गुरुवारीही अडकलं. अडकवायला तिला चांगली मेहनत पडली.

शुक्रवारी त्याने लॉग उघडला. लॉग म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. पुसायचं ती विसरली होती.

"बुधवार, अकरा वीस, इन्स्टॉल पूर्ण," तो शांतपणे वाचू लागला. "तीन पन्नास, काढून टाकली. सव्वापाच, परत इन्स्टॉल. गुरुवार, तीन पन्नास... काढून टाकली." तो तिच्याकडे वळला. "मी चारला येतो."

"हो."

"आणि नदी?"

"तुम्ही गेलात की परत लावायचे. रिपोर्ट वेळेवर गेलेत." ती कीबोर्डकडे बघत म्हणाली, "झालं म्हणून सांगितलं असतं, तर आला असतात?"

दोघं इतकी स्तब्ध बसली की दिवे विझले.

स्क्रीनच्या उजेडात त्याने सूचनांची फाइल उघडली. शेवटच्या ओळीवर गेला आणि एकेक अक्षर खोडत राहिला. 'अडचण आल्यास' एवढंच गेलं. उरलं – 'लेखकाशी संपर्क साधावा.'

"सेव्ह करू?"

"नंबर तोच आहे ना?"

"तोच. तुझ्याशिवाय कुणी केलाच नाही कधी."

'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं होतं. ही चूक मात्र दोघांपैकी कुणीच दाखवून दिली नाही.

फाइल सेव्ह झाली. दिवे लागायला कुणीतरी हात हलवायला हवा होता. पण तिचा एक हात त्याच्या हातात होता, आणि आपल्याला दुसराही आहे, हे तिच्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली.