विहिरीवरचा फेस

हसू नका, पण मी एकदा किड्याच्या थुंकीचे फोटो काढले होते. चौऱ्याहत्तरचा भादवा. हिंगोलीत माझा छोटा स्टुडिओ होता. शेतकी शाळेच्या अमृतराव गुरुजींना प्रदर्शनासाठी गवतावरच्या फेसाचे फोटो हवे होते. एक बारका किडा तो फेस करतो अन् आतच लपून बसतो. पुसेगावला किसनरावांच्या शेतात तो मुबलक आहे, म्हणाले. म्हटलं, चला; किडा निदान केस विंचरायला आरसा तरी मागत नाही.

फेस शेतभर नव्हता. बुजवलेल्या विहिरीवर गोल हिरवं गवत होतं, तेवढ्यातच होता. किसनराव माझ्या डोक्याशी उभे.

"हितलेच काहून? बांधावरचं गवत घ्या की!"

पाणी आटलं म्हणून उन्हाळ्यात विहीर बुजवली, म्हणे. गवतात टेकलेले माझे गुडघे तर ओले होऊन गारठले होते. त्यांचा धाकटा भाऊ जळबा त्याच उन्हाळ्यापासून घरी नव्हता. नांदेडला मिलात लागला, असं किसनराव गावभर सांगत, पण चिठ्ठी एकही नाही. हा माणूस मला तेव्हाच खटकला. शेवटी ते बडबडत बांधाकडे गेले.

आभाळ भरलेलं, उजेड कमी. स्टँड लावला, कॅमेऱ्याचं भिंग फेसाजवळ नेलं. बुडबुडे फुगत होते, बसत होते... फुगत होते, बसत होते. सहा फोटो काढले, पण फेस काही स्थिर राहीना. वैतागलो अन् स्टुडिओतल्या सवयीनं बोलून गेलो, "हलू नका. श्वास रोखा."

सगळा फेस एकदम थांबला.

रोलातले उरलेले सहा कसे काढले, अल्ला जाणे. सामान गुंडाळलं अन् पळालो.

तिसऱ्या दिवशी जळबाची बायको रुक्माबाई स्टुडिओत आली. "विहिरीचे फोटू दाखवा," म्हणाली. सहा पुसट, सहा लख्ख. काहून, म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. तिच्या अन् जळबाच्या लग्नातला घरच्यांचा फोटो मीच काढला होता. मी 'झालं' म्हणेपर्यंत जळबानं इमानानं श्वास धरला होता, तोंड लाल होईस्तोवर. सगळे हसले होते त्याला.

"शकीलभाई... तुमी 'झालं' म्हनलात का?"

राहूनच गेलं होतं.

"मग म्हनू नका. धरून हायेत तवर हायेत ते. आदी खंदू."

कुदळ घेऊन आम्ही दोघं विहिरीवर पोचलो. फेस तसाच, हलत नव्हता. रुक्माबाईनं पहिला घाव घातला अन् किसनराव धावत आले.

"काय करून राहिली?"

"जित्ते हायेत ते!" ती रडत म्हणाली. "शकीलभाईंनी श्वास रोखाय सांगितला, अजून धरून हायेत..."

मला वाटलं, किसनराव हसतील, नाहीतर शिव्या घालतील. त्यांनी नुसतं फेसाकडं पाहिलं. त्या लग्नाच्या फोटोत तेही उभे होते. ते खाली वाकले अन् हळूच म्हणाले, "झालं, जळबा."

बुडबुडे एकदम फुटले. रुक्माबाई किंचाळली. मग कुणीतरी लांब श्वास सोडला... जमिनीतून नाही, किसनरावांच्या मागून. ते गर्रकन वळले.

त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली होती. दोन खांद्यांच्या मधोमध मूठभर फेस. मी खिशातलं भिंग काढून जवळून पाहिलं. आत किडा नव्हता. बुडबुडे मात्र फुगत होते, बसत होते.