मागे कोणी नाही

त्या दिवशी कुन्सुलू घरून निघाली ती रोजच्यासारखीच. सात महिन्यांच्या नाझेरकेला पाजलं, ढेकर काढला, सासूच्या मांडीवर ठेवलं, बूट चढवले. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. पोरीच्या छातीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"झालं का गं मोजून?" सासू म्हणाली. इर्तिश नदीकाठच्या त्या मुलखात सासूला एने म्हणतात, आणि ही एने फटकळ होती. "बस सुटली तर चालत जाशील या वाऱ्यातून. मी आठ पोरं न मोजता वाढवली."

"तुमची पोरं घोडीचं दूध पिऊन वाढली, एने."

"आणि ही घड्याळ बघून वाढतेय. जा आता, केलिन."

सुनेला केलिन म्हणायची ती, आणि रागावली की जास्तच.

मोजायचं कारण होतं. जानेवारीत नाझेरकेला न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस दवाखान्यात काढले. सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, पन्नासाच्या वर गेला तर तडक घेऊन यायचं. तेव्हापासून कुन्सुलूची बोटं आपोआप मोजायला लागायची. भांडी घासताना, बसमध्ये, झोपेतसुद्धा.

इर्तिश नदी मागे टाकून बस उघड्या माळावरून चाळीस मिनिटं धावते, मग संशोधन केंद्र येतं. तिथे एक टोकामाक आहे. नाव अवघड असलं तरी वस्तू समजायला सोपी आहे. एखाद्या राक्षसिणीच्या हातात बसेल अशी पोलादाची पोकळ बांगडी, आत माणूस रांगू शकेल एवढी जाड. तिच्यातली सगळी हवा ओढून घ्यायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, आणि वीज आणि चुंबकांच्या जोरावर तो सूर्याहूनही जास्त तापवायचा. एवढ्या तापलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. तो काही सेकंद धरून ठेवायचा, भिंतींना लागू न देता. याला केंद्रातले लोक शॉट म्हणत. सूर्य पेटतो तशी आग माणसाच्या ताब्यात यावी, म्हणून हा खटाटोप.

कुन्सुलूचं काम त्या पोकळीचं होतं. आत काहीच नाही, याची राखण करायची.

आज तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर पहिला पूर्ण ताकदीचा शॉट होता. नियंत्रण कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. राजधानीहून पाहुणे आले होते. टेबलावर बाउरसाकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग, दुधाच्या चहाचे वाफाळते पेले. जो तो मोठ्यानं बोलत होता आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं.  पोकळीच्या भिंतींवर बसवलेली एकेक फरशी कुन्सुलूनं स्वतःच्या हातानं पुसली होती.

"पाच सेकंद टिकला तर माझ्याकडून मेंढी," झारास ओरडला. टक्कल पडलेला झारास गणिताचा माणूस. अख्खा शॉट तो आधी कॉम्प्युटरमध्ये करून बघायचा. सहा आठवडे त्याची यंत्रं आकडेमोड करत होती.

"तुझी मेंढी गेल्या वेळचीच उधार आहे," कोणीतरी म्हणालं.

"ती कॉम्प्युटरमध्ये आहे. या, कापून खा!"

सगळे हसले. कुन्सुलूही हसत आपल्या पडद्यासमोर बसली.

तिच्या पडद्यावर पोकळीत उरलेल्या वायूंच्या रेघा असतात. कितीही ओढून घ्या, पाण्याच्या वाफेचा, कार्बन डायऑक्साइडचा कणभर अंश राहतोच. त्या रेघा सपाट हव्यात.

आज त्या दोन रेघा हलत होत्या. वर... खाली. वर... खाली. दोघी एकदम.

पंप थरथरत असेल, असं तिला वाटलं. तिनं एक पंप क्षणभर बंद केला. रेघा हलत राहिल्या. दुसरा बंद केला. तरी तेच. आणि मग तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली तिची बोटं मोजायला लागली आहेत.

मिनिटाला छत्तीस.

बाहेर बर्फाचं वादळ उठलं होतं. दुपारचे चार वाजलेले, तरी खिडक्या राखाडी झाल्या होत्या.

"झारास-आगाय," तिनं हळूच हाक मारली, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं आगाय म्हणून, "इकडे या ना जरा."

झारासनं तोंडातला बाउरसाक गिळत पडदा पाहिला. "माझंही एक त्रांगडं आहे, कुणाला सांगू नकोस. सकाळी मापून वायू सोडला, तेव्हा आतली जागा हिशेबापेक्षा कमी भरली. सात लिटर. जणू कोणीतरी बादली विसरलंय आत."

"सात लिटर?"

"सात, सव्वासात. माझंच गणित चुकलं असणार. तोंड का पाडलंस? गंमत केली मी."

दवाखान्यातून सोडताना नाझेरकेचं वजन सात किलो भरलं होतं, आणि सात किलोंचं बाळ साधारण सात लिटरच जागा घेतं. बादली तर कोणी विसरलं नव्हतं. पोकळी बंद करताना शेवटची बाहेर आली होती ती स्वतः.

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी. पोकळीचं झाकण लावायच्या आधी जो शेवटचा बाहेर पडेल, त्यानं आत तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, 'सगळे निघालो, मागे कोणी नाही.' ही पद्धत शिफ्टप्रमुख सेइतकाली-आगायनं घातली होती. त्याचा बाप मेंढपाळ. माळावरचा तळ हलवताना शेवटचा माणूस जुन्या जागेकडे वळून हेच म्हणायचा, म्हणजे तिथे काही रेंगाळत नाही. नवी पोरं हसायची, पण म्हणायची सगळी.

पाच आठवड्यांपूर्वी कुन्सुलू आत उताणी पडून फरशा पुसत होती. नाझेरके दवाखान्यातून येऊन चारच दिवस झाले होते. रात्र रात्र जागरणं. दूध भरून सदरा ओला झालेला. पुसता पुसता ती अंगाई गुणगुणत होती, तिचं तिलाही कळलं नव्हतं. काम संपलं, ती झाकणातून सरपटत बाहेर आली, आत तोंड केलं, आणि घरून निघताना रोज जे म्हणायची तेच तिच्या तोंडून गेलं.

'थांब हं, आई आलीच.'

झाकण लागलं. बोल्ट आवळले. कोणी ऐकलं नव्हतं.

तिनं टेबलावरचा फोन उचलून घरी लावला.

"एने, नाझू काय करतेय?"

"झोपलीय. काय झालं?"

"तिचा श्वास मोजा ना. मोठ्यानं. मला ऐकू येईल असा."

"तुला काय वेड लागलंय का गं..." पण सुनेच्या आवाजात काहीतरी होतं. एने गेली, पाळण्याजवळ वाकली असावी. "हं. एक... दोन... तीन..."

पडद्यावर रेघ वर गेली. चार. पुन्हा वर. पाच. पुन्हा. एकही आकडा चुकला नाही.

खात्रीसाठी कुन्सुलूनं मापकाकडे वायू सोडणारी बारीक झडप आवळली, अगदी केसभर. रेघ जागच्या जागी थांबली.

"अकरा... बारा..." एनेचं मोजणं तुटलं. "थांबली... अगं, ही थांबली... नाझू! ए नाझू!"

कुन्सुलूनं झडप मोकळी केली.

"घेतला. घेतला गं बाई श्वास. तेरा... माझा जीव गेला होता, केलिन."

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. 'शॉटला पाच मिनिटं.' टाळ्या पडल्या. पाहुणे खुर्च्या ओढून पुढे सरकले. कुन्सुलूला एवढंच समजत होतं, की पाच मिनिटांनी त्या पोकळीत सूर्य पेटणार आणि आत जे श्वास घेतंय ते तिच्या लेकीच्या श्वासाला बांधलेलं आहे.

ती गर्दीतून सेइतकाली-आगायपाशी पोचली. सत्तरीला आलेला माणूस, छातीवर पदकं लावून आला होता.

"आगाय, शॉट थांबवा."

"महिनाभर तूच म्हणत होतीस ना, व्हॅक्यूम आरशासारखं आहे? जा, चहा पी. सगळ्यांचीच छाती धडधडतेय आज."

"आगाय, माझं ऐका..."

"शॉटनंतर ऐकतो, पोरी. दिवसभर ऐकतो."

'तीन मिनिटं.'

दाराशेजारी एक फळा होता. ती बांगडी ठेवलेल्या यंत्रशाळेत जाणारा प्रत्येक जण तिथला आपला पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, परतला की लावायचा. एक जरी बिल्ला कमी असला तरी शॉटची किल्ली फिरत नाही, वीजच तुटते. कुन्सुलूनं आपला बिल्ला खसकन ओढून काढला.

भोंगा कर्कश ओरडला. मोजणी बंद पडली. कक्षातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

सेइतकाली तिच्याजवळ आला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून बोलला, "लाव तो बिल्ला. तीन वर्षं, कुन्सुलू. तीन वर्षं!"

"आगाय... झाकण लावताना मी तुमचं वाक्य म्हटलं नाही. चुकले."

"मग काय म्हटलंस?"

"थांब हं, आई आलीच... असं."

म्हाताऱ्याचा राग चेहऱ्यावरून पुसल्यासारखा गेला. त्यानं तिच्या पडद्याकडे पाहिलं. वर... खाली. बराच वेळ पाहिलं.

"वडील म्हणायचे," तो पुटपुटला, "रिकाम्या जागेला थांब म्हटलं की थांबतंच ते..." मग खाकरला. "दहा मिनिटं देतो. पाहुण्यांना झडप अडकली म्हणून सांगतो. पळ."

यंत्रशाळेत दिवे मंद होते. ती पोलादी बांगडी अंधारात तिप्पट मोठी दिसत होती. पंपांची घरघर, तापलेल्या तांब्याचा, तेलाचा वास. आणि जवळ जावं तसा त्या वासाखालून दुसरा एक वास... आंघोळ घातलेल्या बाळाच्या टाळूचा. कुन्सुलूला पान्हा फुटला.

शिडी चढून ती जाड काचेच्या खिडकीपाशी गेली. आत काळोख. तिनं काचेला ओठ लावले.

"आले मी," ती म्हणाली. "फार वेळ लागला ना? आले बघ."

काचेवर एक धुकं उमटलं. नाण्याएवढं. ते तिच्या बाजूनं नव्हतं... आतून होतं, जिथे धुकं धरायला हवाच नव्हती. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं.

 पळून जावंसं वाटत होतं आणि काचेवरून हात फिरवावासाही वाटत होता.

"आता निघायचं हं," ती हलकेच म्हणाली. मग उभी राहिली आणि सगळी यंत्रशाळा दुमदुमेल अशी ओरडली, "सगळे निघालो! मागे कोणी नाही!"

काच काळी झाली. काळीच राहिली.

ती धावत परतली, बिल्ला लावला, पडदा पाहिला. दोन्ही रेघा सपाट. ते बघून मात्र ती फोनकडे झेपावली. आत श्वास थांबला, तर मग घरी... फोन लावताना दोनदा नंबर चुकला.

"एने! नाझू?"

"जागी झालीय, पाय झाडतेय. माझे केस ओढतेय, सोड गं! काय चाललंय तुझं आज?"

कुन्सुलू तिथेच टेबलावर डोकं टेकून रडली आणि हसली.

यंत्रशाळेचं दार बंद झालं, कुलूप लागलं, सगळे बिल्ले फळ्यावर. चार वाजून वीस मिनिटांनी सेइतकालीनं किल्ली फिरवली. मोठ्या पडद्यावर आधी काळोख, मग गुलाबी झाक, मग अख्खी बांगडी जांभळ्या उजेडानं भरून गेली. सगळे एका सुरात मोजत होते. तीन! चार! पाच! सहा सेकंदांनी उजेड विझला आणि छत उडेल असा जल्लोष झाला. पाहुण्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. झारास टेबलावर चढला.

"गणिताच्या रेघेवर रेघ बसली! आणि सात लिटर परत आले, कुन्सुलू! जागा पुरेपूर!"

"मेंढी आण!" सगळे ओरडले. कुन्सुलूचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

संध्याकाळी वादळ निवळलं. ती घरी आली ती बुटांसकट आत पळाली. नाझेरके पाळण्यात जागी होती, गाल लाल, अंगात ताप नाही. मोजलं. चौतीस.

एने स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिसऱ्यांदा फोन केलास तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"मी दोनदाच केला, एने."

"तिसराही आला की. चार-वीसला. कामावरचाच नंबर होता, शेवटी चाळीस." एने हात पुसत दारात आली. "नुसतं कोणी श्वास घेतंय. म्हटलं, कामाच्या घाईत असशील, पोरीचा आवाज ऐकायचा असेल. फोन तिच्या कानाला लावला. काय गप्पा मारल्या म्हणतेस! आ-आ, बू-बू... आणि मधेच गप्प व्हायची."

शेवटी चाळीस हा कुलूप लागलेल्या यंत्रशाळेतला फोन होता.

"गप्प... का?" कुन्सुलूनं विचारलं.

"तिकडचं ऐकायला. आणि मग हसायची."

कुन्सुलूनं पाळण्याकडे पाहिलं. नाझेरके आईकडे बघत नव्हती. तिनं मान फळीवरच्या फोनकडे वळवली होती, थोडी कलती, जशी आपण समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतो ना, तशी.