गाडीखाली कोणीतरी होतं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या.

आणि ती रात्री घडलेली नाही.

भर दुपारी घडली. जानेवारी १९५६. लालबागच्या एका गल्लीतलं गॅरेज. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली. गोळीबार झाले होते, कर्फ्यू लागला होता.

दौलतमामा मोटार मिस्त्री. लग्न केलं नव्हतं, गॅरेजच्याच माळ्यावर राहायचे. त्यांचा जोडीदार गुणाजी वरळीच्या चाळीत राहायचा. कर्फ्यूत तो तिकडेच अडकला.

राहिले मामा आणि एक गाडी.

गाडी विलायती, शर्यतीची. मालक जगदीश, वेगाचा वेडा. गाडीचं दुखणं एकच. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा जड लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. तो ज्या रबरांवर बसवतात, ती रबरं फाटायची. मामांनी दोनदा बदलली. दोनदा फाटली. दुसऱ्या वेळी गाडी भर वेगात फिरली आणि जगदीशच्या खांद्याचं हाड मोडलं.

"आक्का, चूक माझ्याच हातात आहे," मामा माझ्या आईला म्हणाले होते. "तिसऱ्यांदा तो जिवंत येणार नाही बघ."

त्या दुपारी गाडी ठोकळ्यांवर चढवून ते तिच्याखाली शिरले. दाराला आतून अडसर घातलेला.

गिरणीचा भोंगा नाही. ट्रामची घंटा नाही. कावळेसुद्धा गप्प.

गोळा जॅकवर चढवला, पण बोल्टची भोकं जुळेनात. या कामाला दोन माणसं लागतात. मामा तासभर एकटेच झटले. शेवटी सवयीने बोलून गेले, "गुणाजी, जरा वर घे रे."

आणि गोळा... वर उचलला गेला.

बोल्ट अलगद आत गेला.

मामांना वाटलं, आला पठ्ठ्या गल्लीबोळातून. अडसराची आठवणही झाली नाही.

"कधी आलास रे?"

गाडीच्या पलीकडून फक्त श्वास... दमलेल्या माणसाचा.

मामा कामात होते आणि बोलत होते. चार दिवसांत माणसाशी बोलले नव्हते. गावचं घर, मोडलेली सोयरीक, जगदीशचा अपघात, सगळं साचलेलं बाहेर आलं. वॉशर मागितला की हातात यायचा.

देणारी बोटं... गार होती.

शेवटी बोल्ट आवळायला घेतला. पाना हलेना.

कोणीतरी तो धरून ठेवला होता.

"सोड ना, गुणा!"

"आता नको आवळू," हळू आवाज आला. "गाडी आधी चाकांवर येऊ दे."

आवाज गुणाजीचा नव्हता.

मामांनी मान वळवली. पलीकडे ऑइलने काळी झालेली फरशी. बस्स.

धडपडत बाहेर आले. गॅरेज रिकामं.

अडसर... तसाच.

कितीतरी वेळ ते भिंतीला पाठ लावून बसले. मग हळूहळू डोक्यात शिरलं. दोन्ही वेळा त्यांनी गाडी ठोकळ्यांवर असतानाच बोल्ट आवळले होते. खाली उतरवली की तिच्या वजनाने रबरं पिळली जायची.

त्यांनी गाडी चाकांवर उतरवली. मगच बोल्ट आवळले.

जगदीश पुढे कैक वर्षं ती गाडी पळवत होता. रबर पुन्हा फाटलं नाही.

तीन दिवसांनी गुणाजी आला. "शप्पथ सांगतो दौलत, मी चाळीतून हललो नाही!"

हे सगळं मामांनी मला सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. मी विचारलं, "तुम्ही घाबरलात?"

"घाबरलो ना. पण काम झाल्यावर गल्लीत येऊन उभा राहिलो. सगळा रस्ता ओस. आणि वाटलं, परत एकटाच राहिलो की रे."

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती. ती गुणाजीने सांगितली.

त्या वर्षापासून मामा रोज दुपारी गुणाजीला घरी जेवायला पिटाळायचे. आणि दार आतून लावून घ्यायचे.

मी एकदा मुद्दाम गेलो. दाराला कान लावला.

आत मामा बोलत होते. हसत होते. मध्येच थांबायचे... समोरचा बोलत असल्यासारखे.

मला दुसरा आवाज ऐकू आला नाही.

मग मामा म्हणाले, "हो, दाराशीच उभा आहे. भाचा माझा."

मी पाऊल न वाजवता गेलो होतो.

त्या दाराला मी परत कधी कान लावला नाही.