सहा पावलं, क्विटोमार्गे

संहिताला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो आणि हॉलंडच्या स्खिपोल विमानतळावरचा एक धिप्पाड सुरक्षा कर्मचारी यांच्यामध्ये एक नारळ होता. शेंडीसकट. बाहेर पावसाळी सकाळ काचेवरून ओघळत होती, आणि आत ट्रेमध्ये नारळाशेजारी तांब्या, पळी, ताम्हन, घंटा आणि लॅपटॉप असा सगळा संसार मांडून ठेवलेला होता.

"हे काय आहे?" कर्मचाऱ्याने विचारलं.

"नारळ," तो म्हणाला.

"ते दिसतंय. पण याला केस का ठेवलेत?"

शेंडीचं कारण सांगायचं तर पार कलशापासून सुरुवात करावी लागते, आणि मागे रांग वाढत होती. रांगेत त्याच्या मागेच उभ्या असलेल्या संहिताला दया आली. ती सात वर्षांची असल्यापासून इथेच, विमानतळापासून जवळच्या डीमन गावात वाढलेली. अस्सल डचमध्ये तिने ठोकून दिलं, "आचारी आहे तो."

कर्मचाऱ्याचा चेहरा उजळला. स्वयंपाकाच्या बाबतीत परकी माणसं काहीही करू शकतात, हे त्याला मान्य असावं. त्याने नारळाला एक टिचकी मारली आणि जाऊ दिलं.

"सुटलो बाबा!" बेंचवर बसून बूट चढवताना तो स्वतःशीच मराठीत म्हणाला. मग तिला हसताना बघून एकदम थबकला. "मराठी आहात ना?"

"तुमच्या पिशवीवर 'चि. ओंकारच्या मुंजीनिमित्त सप्रेम भेट' लिहिलंय. तो प्रश्न मी विचारायला हवा होता."

तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसऱ्या गालाचं काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं.

"पण मी आचारी नाही. त्याहून वाईट आहे."

"वकील?"

"गुरुजी."

संहिताने त्याला वरून खाली पाहिलं. तिशीच्या आतला. हुडी. दाढीचे खुंट. एका बुटाची लेस सुटलेली.

"सोमवार ते शुक्रवार डेटाबेस, शनिवार-रविवार सत्यनारायण," त्याने खुलासा केला. "डीमनच्या पलीकडे, झुइडओस्टला राहतो. निहार. परवा एक लग्न लावायचंय, आणि... तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतो हं... मी आजवर एकही लग्न लावलेलं नाही."

"एकही नाही?"

"स्वतःचंसुद्धा नाही."

ही माहिती तिने मागितली नव्हती. पण मिळाल्यावर परतही केली नाही.

"मग त्या बिचाऱ्यांनी तुम्हाला का बोलावलं?"

"बोलावलं होतं मोरेश्वरकाकांना. पण काका फोरबर्ग स्टेशनवर सायकल वरच्या रॅकला चढवायला गेले आणि कंबर धरली. तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी फोन करून सांगितलं, की पुतण्या पाठवतोय, माझ्यापेक्षा सवाई आहे." त्याने घाम पुसला. "मुलाची आई म्हणे भयंकर कडक आहे. डीमनची. एक मंत्र चुकला तरी लग्न थांबवेल."

संहिताचं हसू मध्येच अडकलं.

"सुचित्रा नाव आहे का तिचं?"

"हो! ओळखता तुम्ही?"

"लहानपणापासून," संहिता म्हणाली. "आई आहे माझी."

निहारने सुटलेली लेस इतक्या मन लावून बांधली, की जणू आता आयुष्यात तेवढंच काम उरलं होतं.

प्रकरण साधं नव्हतंच. संहिताचा भाऊ सारंग क्विटोच्या गॅब्रिएलाच्या प्रेमात पडला होता. तिच्या घरची गुलाबाची शेती, आणि ते गुलाब हॉलंडला येतात, त्यांच्याबरोबर एकदा ती आली. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात उंचावर वसलेल्या त्या शहरात नुसतं सह्या करून लग्न उरकायचं, असं सारंगने ठरवलं होतं. त्यावर आई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. डीमनच्या घरात स्वयंपाकसुद्धा रागाने व्हायचा, कोथिंबीर वगळून. शेवटी तह झाला: लग्न वैदिक होईल, पण एकदाच आणि नीट. त्या तहाचा सगळा भार आता एका हुडीवर होता. आईला खरं कळलं, तर ती विमानाच्या दारातून मागे फिरली असती. मग पुन्हा तो अबोला... आणि ती बिनकोथिंबिरीची आमटी.

"सांगाल का त्यांना?" निहारने हळूच विचारलं.

संहिता उत्तर देणार तेवढ्यात आई आली. मागून कमरेचा पट्टा हातात धरून बाबा.

"हेच का मोरेश्वररावांचे पुतणे! केवढे तरुण आहात हो, गुरुजी. संहिता, बघत काय बसलीस? पाया पड."

दोन मिनिटांपूर्वी ज्याच्या खळीकडे बघत होतो त्याच्या पाया पडण्याचा प्रसंग फार मुलींवर येत नाही. संहिता वाकली. वाकल्या वाकल्या पुटपुटली, "दुसरी लेसपण सुटलीय."

"आयुष्मती भव," गुरुजी घाबरून म्हणाले.

आईला आशीर्वाद अतिशय आवडला.

निहारचं तिकीट ऐनवेळी काढलेलं, त्यामुळे जागा अगदी शेवटच्या रांगेत. आई-बाबा त्याच्या पुढच्याच रांगेत. "गुरुजींना काही हवं-नको बघायला कोणीतरी हवं," असं म्हणून संहिता त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. आईला कौतुक वाटलं. उंचावर श्वास लागू नये म्हणून आईने प्रत्येकाला कापराची पुरचुंडी शिवली होती. ती तिने गळ्यात अडकवली, कानात बोळे घातले, डोळ्यांवर पट्टी चढवली आणि अटलांटिक लागायच्या आत घोरायला लागली. बाबा नुसते डोळे मिटून बसले. बाबा तसेही घरात निम्मा वेळ डोळे मिटूनच असतात. त्याला ते विचार करणं म्हणतात.

"आता सराव," समुद्र संपत आला तेव्हा संहिता म्हणाली.

"इथे?"

"मग काय लग्नात करणार? चला, गुरुजी."

"आधी ते गुरुजी बंद करा."

"आधी 'करा' बंद कर."

तो सावकाश म्हणाला, "बरं... ते गुरुजी बंद कर."

विमानाच्या शेपटाशी, चहाच्या गाड्या ठेवतात तिथे, जरा मोकळी जागा होती. निहारने टॅबलेटवर पोथी उघडली. खारे शेंगदाणे अक्षता झाले. अंतरपाटाला विमानातलं निळं पांघरूण घेतलं. त्याचं एक टोक कपाटाच्या कडीत अडकवलं आणि दुसरं एका उंच डच हवाईसुंदरीने आपण होऊन धरलं. तिला वाटलं, पांघरूण वाळत घालतायत.

"नवरी तू," निहार म्हणाला.

"आणि नवरा?"

"नवऱ्याचंही मलाच करावं लागेल. माणसं कमी आहेत."

पांघरुणापलीकडून त्याचा आवाज यायला लागला. संहिताला वाटलं होतं, अडखळेल, हसू येईल. पण तो अडखळला नाही. हुडीतून एखाद्या जुन्या देवळातला आवाज यावा तसा तो आवाज भरून येत गेला... विमानाची घरघरही जणू त्याच्या सुरात बसली. तिच्या मुठीतले शेंगदाणे मऊ पडायला लागले.

"तुम्ही लग्न करताय?" हवाईसुंदरीने कुजबुजत विचारलं.

आता, मंत्र सुरू असताना मध्ये बोलायचं नसतं. काकांची तशी सक्त ताकीद होती. त्यामुळे निहारने 'नंतर सांगतो' अशा अर्थाने मान हलवली. ती वर-खाली हलली, हा मानेचा दोष.

"सावधान!" म्हणत त्याने खूण केली. पांघरूण खाली आलं.

दोघं समोरासमोर. दोघांनीही एकमेकांवर शेंगदाणे टाकायचे होते... कुणीच टाकले नाहीत.

"आता काय?" संहिताने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आता... सप्तपदी. सात पावलं. हात धरायचा असतो. म्हणजे, नसेल धरायचा तर—"

तिने हात पुढे केला.

जमिनीवर तांदळाच्या राशींऐवजी कागदी नॅपकिन मांडले होते. "पहिलं अन्नासाठी," निहार म्हणाला. "दुसरं बळासाठी. तिसरं भरभराटीसाठी, चौथं सुखासाठी."

"पाचवं?"

"पाचवं... संततीसाठी."

"लवकर पुढे हो."

"सहावं ऋतूंसाठी. सगळे ऋतू एकमेकांबरोबर."

"हॉलंडमध्ये एकच ऋतू आहे. भिजका."

"चालेल मला," तो म्हणाला. त्यात मंत्राचा एक शब्दही नव्हता. "सातवं—"

आणि विमान खड्ड्यात पडलं.

खालचे डोंगर सुरू झाले असावेत. पट्टे बांधायचा दिवा लागला, गाड्या खडखडल्या, सातवा नॅपकिन उडून कुठेतरी गेला, आणि संहिता सरळ निहारच्या हुडीवर. क्षणभरच. कापराचा वास, नारळाचा वास... "लागलं का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. लागलं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दोघं धडपडत जागेवर आले. हात मात्र सोडायचा राहून गेला.

विमान स्थिरावल्यावर घोषणा झाली. डचमध्ये, इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्येही, कुणाची सुटका नको म्हणून: 'आपल्या विमानात मागच्या बाजूला नुकतंच एका गोड जोडप्याचं लग्न लागलेलं आहे!'

टाळ्यांचा कडकडाट. आणि डच माणसं उठली. डच माणूस नुसतं उत्सवमूर्तीचं अभिनंदन करून थांबत नाही. वाढदिवस नातवाचा असला तरी तो आजीचं, मामाचं आणि शेजाऱ्याचंही अभिनंदन करतो. नवरीची आई कोणती, हे त्यांनी नाकावरून ओळखलं. आईने डोळ्यांवरची पट्टी काढली, तेव्हा तिच्यापुढे हात मिळवायला रांग लागली होती.

"मुलीबद्दल अभिनंदन!"

"जावयाबद्दल अभिनंदन!"

एका आजींनी तर तीनदा गालाला गाल लावला. आईनेही झोपेत सगळ्यांना "थँक यू" म्हटलं. मग कानातले बोळे काढले. मग मागे वळली. आधी हवाईसुंदरीने आणून ठेवलेल्या शॅम्पेनच्या छोट्या बाटल्या पाहिल्या, मग धरलेले हात.

"संहिता. काय झालंय?"

निहार उभा राहिला. "काकू, चूक माझी आहे. सराव करत होतो. मी... आजवर एकही लग्न लावलेलं नाही. हे तुम्हाला विमानतळावरच सांगायला हवं होतं. आता तुम्ही म्हणाल तसं. म्हणालात तर क्विटोला उतरून लगेच परत जातो."

"मला माहीत होतं, आई," संहिता म्हणाली. "मीच म्हटलं सराव कर."

आईचा चेहरा बंद दारासारखा झाला. संहिताने श्वास धरला. महिनाभराचा तो अबोला तिला त्या दारामागे उभा दिसत होता.

"सुचित्रा," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "आपल्या लग्नात गुरुजी कोण होते आठवतंय?"

"आता ते कशाला?"

"पोथीची पानं चिकटली होती त्यांच्या. आपल्या लग्नात त्यांनी अर्धे मंत्र मुंजीचे म्हटले."

आईचे ओठ थरथरले. रागाने, असं आधी वाटलं. "म्हणूनच!" ती म्हणाली. "म्हणूनच हा माणूस जन्मभर बटूसारखा वागला! एक गजरा आणला असेल तर शपथ! भिक्षा वाढल्यासारखं जेवायला तेवढं बसतो!" आणि ती हसायला लागली, इतकी की कापराची पुरचुंडी उडायला लागली.

"तरी टिकलं ना?" बाबा म्हणाले. "मी मघापासून ऐकतोय. या पोराच्या तोंडून मुंजीचं एक अक्षर आलं नाही. आपल्या गुरुजींपेक्षा कितीतरी बरा."

आईने डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाली. "पावलं किती झाली?"

"सहा," दोघं एकदम म्हणाले.

"सातवं?"

"विमान हललं."

"हुश्श!" आई खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे झालेलं नाही. देवाला काळजी." मग तिने एकमेकांत धरलेल्या त्या हातांकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि का कोण जाणे, सोडा म्हणाली नाही. "परवा सारंगचं नीट लाव म्हणजे झालं, निहार. आणि ती शॅम्पेन इकडे दे."

निहार. गुरुजी नाही. संहिताने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

क्विटोला उतरले तेव्हा दुपारचं ऊन लख्ख होतं, पण हवा पातळ. बाबांची ट्रॉली चार पावलं जाऊन थांबायची. निहार तर भिंतीला टेकून उभा, एका हातात नारळ.

"धाप लागली?" संहिताने विचारलं. तिने गळ्यातली पुरचुंडी काढून त्याच्या गळ्यात घातली.

त्याने कापूर हुंगला. फारसा उपयोग झालेला दिसला नाही, कारण ती तिथेच उभी होती.

"संहिता... एक राहिलंय. सातवं. ते कशासाठी असतं, सांगितलं नाही मी."

"कशासाठी?"

"मैत्रीसाठी. आधीची सगळी पावलं त्यासाठीच असतात म्हणे. मला ते... तुझ्याबरोबर टाकायचंय. सराव म्हणून नाही."

पुढे बाहेरच्या काचेपलीकडे सारंग हातात गुलाबांचा भारा घेऊन उड्या मारत होता. आई त्याच्याकडे हात हलवत होती. संहिताने निहारच्या हातातला नारळ आपल्याकडे घेतला.

"इथे नाही," ती म्हणाली. "एवढ्या उंचीवर माणूस काहीही बोलतो. घरी गेल्यावर विचार. स्खिपोल समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तिथे श्वास पुरेसा असतो."

"आणि तिथे विचारलं तर?"

तिने सारंगच्या दिशेने चालायला सुरुवात केली आणि मागे वळून न बघता मोकळा हात मागे धरला.

"लेस बांधून ये," ती म्हणाली.