दुपारी लावलेला दिवा

इंदी खोटं बोलते, या काळजीने त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. दुसरी काळजी त्याहून वाईट. ती खरं बोलत असली तर?

गोष्ट सत्तावन्न सालची. हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागले होते, आणि दोन वर्षं नणंदेच्या घरी अंग चोरून काढल्यावर आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, घरात नळ, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. इतकी सुखात मी आधी कधी नव्हते. आणि सुखात असले की आपलं काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहतं, हा माझा जुना आजार.

दुपारी जेवणं आटोपली की मी जरा लवंडायची. उठले की चार वर्षांची इंदी सांगायची, "आई, बाई येऊन गेली."

"कसली बाई?"

"पोट मोठं आहे तिचं. भिंतीपाशी बसते. म्हणते, चल माझ्या घरी."

दाराला आतून कडी असे. पण इंदी स्टुलावर चढून कडी काढायला शिकली होती. बाहेर नुसता माळ, आणि बांधकामावर आलेली नाना गावची माणसं. कोणी बाई मी झोपले असताना घरात शिरते, माझ्या लेकीला बोलावते! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "शिकलेली ना तू?" शिकलेली होते म्हणूनच तर एवढं सुचत होतं!

शेजारी उद्धवराव राहत, मुलाच्या क्वार्टरमध्ये. चर्चचे निवृत्त पाळक. त्यांच्या लिखाणाची मी सुवाच्य प्रत करून द्यायची. येशूच्या मरणाच्या वेळी भरदुपारी अंधार पडला, तर ते साल कोणतं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते बायबलात न घेतलेल्या जुन्या गोष्टी उकरत बसत.

"पण पाळकसाहेब, त्या खोट्या म्हणूनच बाहेर ठेवल्या ना?" मी एकदा विचारलं होतं.

"बाई, खोटं सांगणारा मोठी गोष्ट खोटी सांगतो. सांगताना वाटेत जे सांडतं, ते खरं असतं. एका गोष्टीत आहे, लोक रात्र समजून दुपारी दिवे घेऊन निघाले, आणि काही ठेचकाळून पडले. चमत्कार सोडा. दिवा धरा." मग स्वतःशीच हसून म्हणाले, "तरी येशूच्या मरणाच्या वेळचा यहुदी सण पडतो पौर्णिमेचा, आणि पौर्णिमेला काही सूर्यग्रहण होत नाही. तिथेच तीस वर्षं माझं घोडं अडलंय."

त्या आठवड्यात एक दिवस तिसऱ्या प्रहरी इंदीला घेऊन कागद द्यायला गेले आणि न राहवून त्यांना सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. इंदीच्या हातावर गुडदाणीचा खडा ठेवून त्यांनी विचारलं, "बाईचं घर कसलं गं?"

"गवताचं. आमच्या खोलीतच आहे."

"गावात का नाही राहत?"

"गावात उंदीर पडले."

दारात दत्तोबा दूध मापत होता. त्याचा हात थांबला. "प्लेगाचं साल की ते! आमची आय सांगायची. उंदीर पडलं की गाव मोकळं. ह्याच माळावर झोपड्या व्हत्या, बाई… पर ह्या पोरीला कुणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. घर नवं म्हणजे जागाही नवी, अशी माझी खुळी समजूत!

"प्लेग पुष्कळ वर्षं होता," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "अजून काय सांगते ती?"

"दुपारी रात्र झाली. कावळे झाडावर जाऊन बसले. मग ती दिवा लावायला उठली." इंदीने गुडदाणी चघळली. "सासू ओरडली, हलू नको, बाळ वाकडं होईल."

गर्भारशीने ग्रहणात हलायचं नाही हे माझी सासूही पाळायला लावी, पण इंदीसमोर तो विषय कधी निघाला नव्हता. पाळकसाहेबांनी ग्रहणांचा तक्ता काढला. त्यांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"अठराशे अठ्ठ्याण्णव. बावीस जानेवारी, अमावास्या. आपल्याकडे जवळजवळ खग्रास." चष्मा काढून ते इंदीकडे बघत राहिले. "मी जन्मभर एका तारखेच्या मागे आहे. आणि ही पोर…"

एकोणसाठ वर्षं! म्हणजे माझ्या दाराशी घुटमळणारी कोणी जिवंत बाई नव्हतीच. आपल्या घरात येते ती मेलेली आहे, हे कळून हायसं वाटलेली आई मी एकटीच असेन. पण खरंच, त्या रात्री मी गाढ झोपले. तिच्याविषयी मायाच वाटू लागली. पोटातल्या पोराच्या काळजीने हबकलेली, सासूची बोलणी खाणारी… माझ्यासारखीच की.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लवंडले नाही. प्रत करत बसले. उन्हाने छपराचा पत्रा टकटकत होता. मग ते टकटकणं थांबलं. चुन्याचा वास जाऊन ओल्या गवताचा आला, आणि एरंडेलाच्या दिव्याचा. इंदी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आली?" मी विचारलं.

इंदीने मान डोलावली.

मला भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं. पण तारीख हातात असली की माणसाला बळ येतं. म्हटलं, "तिला सांग, तुझं साल आम्हाला कळलंय. आम्ही तुला घाबरत नाही."

इंदी भिंतीशी पुटपुटली. बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"ती पण आता घाबरत नाही. तिने त्यांच्या जोशीबुवांना तुझं नि माझं सगळं सांगितलं."

"मग… काय म्हणाले ते?"

"म्हणाले, भिऊ नको. त्या मायलेकींना मरून पुष्कळ वर्षं झाली."